हादरेबाई आणि गुरुवारची तारीख

गावात तिला हादरेबाई म्हणत, आणि ते काही प्रेमाने नव्हे. टेकडीवरच्या भूकंप नोंद केंद्रात ती सव्वीस वर्षं एकटीच काम करत होती. केंद्र म्हणजे एक मोठी खोली आणि मागे सामानाची अडगळ. खोलीच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात थेट कातळावर बांधलेला सिमेंटचा ओटा आणि त्यावर घट्ट बसवलेलं यंत्र. कुणी आत आलं की ती आधी दम भरायची, "पाय आपटू नका. तुमच्या पायांचीही नोंद होते, आणि उत्तर मला द्यावं लागतं."

स्वभावच तिखट. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात सासूबाई, दीर आणि जाऊ. दिराचं चष्म्याचं दुकान होतं. सासूबाईंचं मात्र या थोरल्या सुनेवाचून पान हलत नसे.

त्या वर्षी महिनाभर बारीक धक्के बसत होते. कपबशा खुळखुळायच्या, टेलरच्या मशीनवरची शिवण वाकडी जायची. आणि एका रविवारी सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप आला: गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठा भूकंप. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव शाळेच्या मैदानात पथाऱ्या टाकून बसलं. सासूबाईही गेल्या.

सोमवारी सकाळी तीस-चाळीस माणसं टेकडी चढून आली. पुढे टेलर आणि बेकरीवाला.

"गुरुवारी होणार की नाही, एवढंच सांगा," टेलर म्हणाला.

"तारीख सांगणारा थापाड्या आहे. तारीख कुणालाच सांगता येत नाही."

"मग सव्वीस वर्षं इथे बसून करता काय?" बेकरीवाला म्हणाला, आणि मागे हशा पिकला.

ती भडकली. भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यावर हजारो लाल ठिपके. तिने पट्टी उचलून नकाशावर आपटली. "हे करते! एकेक ठिपका म्हणजे एकेक भूकंप. बघा, कुठेही पडलेत का? नाही. ओळीत पडलेत. जमिनीचं कवच एकसंध नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. ते सरकतात. किती? आपली नखं वाढतात तेवढे. पण त्यांच्या कडा एकमेकींत अडकतात. मागून रेटा चालूच, कड मात्र अडकलेली. वर्षानुवर्षं ताण साठतो आणि एक दिवस कड निसटते. तो भूकंप."

"आम्हाला शाळा नकोय बाई," कुणीतरी म्हणालं.

"आलात ना? मग ऐका. प्रशांत महासागराभोवतीचं हे कडं बघा. दहातले आठ मोठे भूकंप इथे होतात, कारण समुद्राच्या तळाचे तुकडे शेजारच्या तुकड्यांखाली घुसतायत. ही दुसरी माळ, भूमध्य समुद्रापासून हिमालयावरून थेट इंडोनेशियापर्यंत. हिमालयात तर दोन तुकडे समोरासमोर रेटारेटी करतायत, म्हणून पर्वत उभा राहिला. आणि आपण? आपणही कडेवरच. इथे दोन तुकडे एकमेकांना घासून जातात. ती भेग तुमच्या बेकरीच्या मागून जाते."

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. "म्हणजे होणारच?"

"होणारच. उद्या होईल, नाहीतर पन्नास वर्षांनी. कधी ते सांगता येत नाही."

"पण गुरुवारी..."

"गुरुवारचं काय घेऊन बसलात! घरी जा आणि झोपा!"

टेलरच्या हातात फोन होता. हे शेवटचं वाक्य त्याने नेमकं टिपून घेतलं.

मैदानातल्या गारठ्याने सासूबाईंना खोकला धरला. बुधवारी ती स्वतः त्यांना आणायला गेली. जाऊ म्हणाली, "ताई, दोन दिवस राहू देत की. काय बिघडतंय?"

"खोकून खोकून जीव जायचा त्यांचा. चला आई, तारीख ही निव्वळ थाप आहे."

"तू म्हणतेस म्हणून येते," सासूबाई म्हणाल्या आणि काठी टेकत निघाल्या.

गुरुवारचे बारा वाजले, काहीही झालं नाही. शुक्रवारपर्यंत मैदान रिकामं झालं. बेकरीवाल्याने तिला रस्त्यात चक्क नमस्कार केला.

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी जमीन निसटली. बावीस सेकंद. गावात अकरा माणसं गेली, त्यांत सासूबाईही. सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या, पलंगाशेजारचं लोखंडी कपाट त्यांच्यावर आडवं झालं.

ती टेकडीवर होती. खोलीची एक भिंत तडकली, यंत्र मात्र चालू राहिलं. तिने वेळ पाहिली, फोन उचलला आणि मुख्य कार्यालयाला आकडे सांगितले. सहा मिनिटं. मग टेकडी उतरून धावत सुटली.

दवाखान्याच्या अंगणात तिने उशिराचं कारण सांगितलं, पण दिराने तिला आत जाऊ दिलं नाही. "आई कपाटाखाली होती आणि तुम्ही फोनवर आकडे सांगत होतात, वहिनी. झालं ना मनासारखं? आईला मैदानातून घरी आणलंतही तुम्हीच."

 टेलरने पुढे होऊन फोन तिच्या कानाशी धरला आणि तिचाच आवाज तिला ऐकवला: घरी जा आणि झोपा. त्याच्या भावाची मुलगी त्या अकरांमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या काचा फुटल्या. दाराला कुणीतरी डांबर फासलं. दिराने तिची पेटी उंबऱ्याबाहेर ठेवली, तेव्हा ती केंद्राच्या अडगळीत राहायला गेली. बेकरीवाला पाव तिच्या हातात देईना, फळीवर टाकून पाठ फिरवायचा.

चौकशी झाली. तिने सांगितलेलं शास्त्र बरोबर होतं, कर्तव्यात कसूर नाही, असा निकाल लागला. त्याने गाव आणखीच पेटलं. दीर भर चौकात म्हणाला, "त्यांना चूक सापडली नाही म्हणे. मला सापडलीय."

चूक तिलाही सापडली होती. चौकशीत तिने ती सांगितलीही, पण अहवालात ती कुणी लिहिली नाही. "लोक तारीख विचारत होते, पण खरं तर त्यांना विचारायचं होतं, आम्ही करायचं काय? मला ते कळत होतं. पण ते मला हसले होते, म्हणून मी चिडले आणि हाकलून लावलं. कपाटं भिंतीला ठोका, उशाशी जड काही ठेवू नका, एवढं सांगायला मला एक मिनिट लागलं असतं."

तिने ड्रिल मशीन आणि लोखंडी पट्ट्या विकत आणल्या आणि सुट्टीच्या दिवशी दारोदार जायला लागली. पहिल्या आठ घरांची दारं तोंडावर आपटली गेली. नवव्या घरात एका म्हातारीने तिच्या अंगावर खरकटं पाणी फेकलं.

महिन्याभराने जाऊ टेकडीवर आली. उंबऱ्यावरच उभी राहून म्हणाली, "मी गोडीगुलाबी करायला आलेले नाही. तुमचं तोंड बघायची इच्छा नाही मला. पण माझे आईवडील वरच्या आळीत दोघंच राहतात, आणि घर सामानाने गच्च भरलंय. येऊन बघा."

ती गेली. चार कपाटं, एक मांडणी, पाण्याची टाकी भिंतीला आवळली. पलंग खिडकीपासून दूर हलवला. जाऊ स्टूल धरून उभी होती, पण तिने पाणीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईने बोलावलं, तेही असंच, कपाळाला आठ्या घालून.

तीन वर्षांत दोनशेच्या वर घरं झाली. टेलरने बायकोला पाठवून काम करून घेतलं आणि स्वतः तोवर बाहेर जाऊन बसला. गेल्या साली पुन्हा एक बऱ्यापैकी मोठा धक्का बसला. पट्ट्या टिकल्या, कुणाला खरचटलंही नाही. आभार मानायला कुणी आलं नाही, आणि तिनेही वाट पाहिली नाही.

राहिलं एकच ठिकाण, दिराचं दुकान. तिथे काचेच्या उंच मांडण्या नुसत्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. दर महिन्याला ती ड्रिलची पिशवी घेऊन दुकानासमोर उभी राहते. दीर तिच्याकडे बघतो आणि अर्धं शटर खाली ओढतो. ती थोडा वेळ थांबते आणि पुढच्या दुकानातल्या पट्ट्या तपासायला जाते.