बोरिवलीचं शेत आणि त्याची राखण

मागच्या डिसेंबरात तुम्ही आला होतात तेव्हा आपण संध्याकाळी बागेत गेलो होतो. घसरगुंडीपाशी तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं की ही जागा पूर्वी आपलं शेत होती. त्यावर धाकटीने मला विचारलं, "आजी, मग ती तुमच्याकडून काढून घेतली? तुला रडू आलं?" मी हसून विषय बदलला, कारण उत्तर लांबलचक होतं आणि तुम्हाला भूक लागली होती. ते उत्तर आता सावकाश लिहिते. नाही, मला रडू आलं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो का, हे तुम्हाला कळायला हवं.

मी विलेपार्ल्याची. माझं लग्न बोरिवलीला ठरलं तेव्हा माझ्या मावश्या म्हणाल्या, "बोरिवली? म्हणजे जंगलातच की." त्या फारशा चुकल्या नव्हत्या. सासरच्या घरामागून शेत सुरू होई ते थेट खाडीच्या बाजूच्या चिंचेपर्यंत. पावसाळ्यात भात, थंडीत वाल आणि भाजी, कडेने आंबे आणि ताड, मधे विहीर. सासऱ्यांच्या काळात त्या शेतावर घर चालत होतं. पुढे आजूबाजूची शेतं एकेक करून विकली गेली, तिथे आधी चार मजली आणि मग बावीस मजली इमारती आल्या. आमचं घर पाडूनही इमारत झाली. तिच्यात आम्ही आणि तुमच्या आजोबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, एकाच मजल्यावर समोरासमोर राहू लागलो.

शेत मात्र तसंच राहिलं. पालिकेच्या आराखड्यात त्याच्यावर बागेचं आरक्षण होतं. म्हणजे आम्हाला तिथे काही बांधता येत नव्हतं, आणि पालिका बाग करायला येत नव्हती. अशी मधेच लटकलेली जमीन मुंबईत फार दिवस रिकामी राहत नाही. कोपऱ्यात एक पत्र्याची शेड येते, मग तिला दार येतं, मग विजेचा मीटर येतो, आणि मग ती हलत नाही. त्यामुळे आमचं शेत कोणीतरी कसतंय हे सगळ्यांना दिसणं गरजेचं होतं.

म्हणून आम्ही भात लावत राहिलो. घरात शेतकरी कोणी उरला नव्हता. तुमचे आजोबा बँकेत, भाऊजी विक्रोळीच्या एका कारखान्यात, मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. तरी दर पावसाळ्यात आम्ही सगळे रजा टाकून लावणीला उतरायचो. रजेच्या अर्जावर मी 'शेतीकाम' असं कारण लिहिलं तेव्हा प्राचार्यांना ती थट्टा वाटली. मी रोपं अगदी सरळ रेषेत लावायची. माझ्या जाऊबाई, म्हणजे मोठ्या वहिनी, कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "अगं, भात लावतेस की मार्जिन आखतेस? जरा हात चालव." पिकलेल्या भातातलं निम्मं पाखरं आणि उंदीर खायचे. उरलेल्याची काही दिवस पेज व्हायची. पण पीक हा आमचा हेतूच नव्हता.

निवृत्त झाल्यावर भाऊजींनी राखणीचं सगळं काम स्वतःकडे घेतलं. त्यांनी विहिरीजवळ एक खोपी बांधली आणि दिवसरात्र तिथेच राहू लागले. आंघोळीला आणि जेवायला घरी येत, पण जेवतानाही त्यांचे कान शेताकडे असत. खाली एखादी गाडी थांबली की हातातला घास ताटात ठेवून उठत. वहिनी म्हणायच्या, "तुमचं लग्न त्या बांधाशीच लावून द्यायला हवं होतं. मी आपली उगाच मधे आले." त्या हे हसत म्हणत, पण त्या घरात एकट्या होत्या, हे मला समोरच्या दारातून दिसत होतं.

मग पालिकेकडून निरोप आला की जमीन ताब्यात घ्यायला ते तयार आहेत, रीतसर मोबदलाही मिळेल. तुमचे आजोबा तयार होते, नणंदाही तयार होत्या. भाऊजींनी सही करायला नकार दिला. त्यांना जास्त पैसे नको होते. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. ते तुमच्या आजोबांना म्हणाले, "त्यांनी नुसतं कुंपण घातलं आणि विसरून गेले तर? वर्षभरात तिथे गॅरेज उभं राहील. बाबांनी जमीन राखली, मी राखली, ती काय गॅरेजवाल्याला द्यायला?" अशा जागा आम्ही सगळ्यांनीच पाहिल्या होत्या.

त्यातच भाऊजींना मधुमेह. सतत चिखलात राहून त्यांच्या पायाला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यंदा हा पाय चिखलात गेला तर तो कापावा लागेल. वहिनी दवाखान्यातून परत आल्या त्या थेट आमच्याकडे. "या वर्षी लावणी नाही," त्या म्हणाल्या. "कोणीच उतरायचं नाही. तुम्ही उतरलात की हे मागून येतील." तुमच्या आजोबांनी एकदा भावाकडे पाहिलं आणि मान डोलावली. खोपीतून आम्ही भाऊजींचं अंथरूण वर आणलं आणि ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले. तिथून शेताचा फक्त एक कोपरा दिसत होता.

तो पावसाळा फार वाईट गेला. शेतात टाकळा आणि गवत माजलं. कोणालाही ती जागा बेवारस वाटली असती. भाऊजी कोणाशी बोलेनासे झाले. पाय वाचवायच्या नादात माणूस जाईल की काय, अशी मला भीती वाटू लागली होती.

श्रावणातल्या एका दुपारी ट्रक मागे घेताना येतो तसा आवाज आला. भाऊजी काठी घेऊन निघाले. थांबा म्हटलं तरी थांबले नाहीत, म्हणून मी आणि वहिनी मागून धावलो. मागच्या बाजूचं कुंपण मोडून डेब्रिजने भरलेला एक ट्रक आत घुसला होता. पण आमच्या आधीच त्याच्याभोवती गर्दी जमली होती. समोरच्या टॉवरमधल्या बायका, दोन वॉचमन, एक गंजीफ्रॉकातले गुजराती काका, कॉलेजची मुलं. ट्रकची चावी त्या काकांच्या हातात होती. गाऊनवर ओढणी घेतलेली एक बाई ड्रायव्हरला झापत होती. "कोणाला विचारून टाकतोस रे इथे?"

"मॅडम, शेठने बोला, खाली प्लॉट है."

"खाली? इथे भात असतो. आम्ही रोज बघतो वरून."

भाऊजी पुढे सरकले तशी ती त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही मागे व्हा, लागेल कुठेतरी." तेवढ्यात एका मुलाने त्यांना ओळखलं. "अहो, हे ते पिवळ्या रेनकोटवाले काका." मग सगळेच वळले. ती बाई जरा नरमली. "या वर्षी तुम्ही दिसलाच नाहीत. आम्हाला वाटलं..."

"आहेत अजून," वहिनी म्हणाल्या. "पाय दुखतोय फक्त."

ट्रक भरलेला आला तसाच भरलेला परत गेला. लिफ्टची वाट पाहताना भाऊजींनी विचारलं, "एवढी माणसं आली कुठून?"

"वरून," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं वरून बघतायत तुमचा खेळ."

"आणि मी एकटा फाटकाला कुलूप लावून बसलो होतो," भाऊजी म्हणाले. लिफ्ट आली तरी ते जागचे हलले नाहीत. वहिनींनी त्यांना दंडाला धरून आत घेतलं.

संध्याकाळी त्यांनी तुमच्या आजोबांना बोलावून घेतलं. "कागद आण. सही करतो. फक्त त्यांना सांग, फाटकं सगळ्या बाजूंनी ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ उघडी ठेवा. आत माणसं फिरत असली की कोणाची घुसायची हिंमत होणार नाही." त्या रात्री वहिनींनी आमच्याकडे शेवयांची खीर पाठवली. कशासाठी ते लिहून पाठवायची गरज नव्हती.

पालिकेच्या कामाला लागतो तितका वेळ लागला. मोजणी झाली, पुन्हा मोजणी झाली. टॉवरमधल्या त्या बाईने वॉर्ड ऑफिसात इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई तिला चहा विचारू लागला. आंबे राहिले, विहिरीवर जाळी बसली, दोन ताड धोक्याचे म्हणून तोडले. त्यावर भाऊजी दोन दिवस कुरकुरले. जमीन हातातून गेली त्या दिवशी तुमच्या आजोबांचे डोळे भरून आले होते, हेही खरं सांगते. मला मात्र पुढच्या पावसाळ्यात, पाय कोरडे ठेवून, खुर्चीत बसून चहा पिताना एकदाही वाईट वाटलं नाही. भाऊजींच्या पायाची जखम भरून आली. एक बोट गेलं, बाकी पाय राहिला.

बाग उघडल्यावर बरेच दिवस ते तिकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी एकटेच गेले आणि जेवणाच्या वेळी परतले. वहिनी आणि मी वाल सोलत बसलो होतो.

"रखवालदार चांगला ठेवलाय," ते चपला काढता काढता म्हणाले. "मी गवतातून विहिरीकडे निघालो तर शिटी मारली त्याने. आजोबा, गवतावरून नाही, ट्रॅकवरून चाला म्हणाला. मला परत पाठवलं."

"मग सांगायचं ना, जमीन माझीच होती म्हणून," वहिनी म्हणाल्या.

"कशाला? मग त्याने सोडलं असतं मला."

ते पोटभर जेवले, आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले, आणि चहाची वेळ टळून गेली तरी त्यांचं घोरणं बाहेर ऐकू येत होतं.