यंत्र बदलून पाहा

“नियम तर बरोबर होता. मग चुकलं कुठं?”

हा प्रश्न ओळखीच्या काकूंनी मला विचारला. त्यांच्याकडून जे ऐकले ते क्रमाने मांडणे, एवढेच हाती उरते.

काकूंचे यजमान टायपिंगचा क्लास चालवीत. त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत. जिना चढून गेले की लांबट खोली, भिंतीकडे तोंड करून मांडलेली यंत्रे, आणि बाहेर रस्त्यापर्यंत पोचणारा खडखडाट. त्या खडखडाटात सरांच्या स्वतःच्या यंत्राचा आवाज सर्वांत कमी असे. “कळ दाबायची नसते, तिला जागं करायचं असतं,” असे ते म्हणत. बोट टेकले न टेकले तोच उचललेले असे. विद्यार्थ्याची तक्रार आली की त्यांचा नियम ठरलेला होता.

“सर, हे मशीन ‘र’ खातं.”

“मग त्याला उपाशी ठेव. पलीकडच्या मशीनवर बस.”

तिथेही ‘र’ गळाला की सर चष्म्यावरून पाहत. “आता यालाही भूक लागली का?” खोली हसे. यंत्र बदलूनही चूक तीच राहिली, तर दोष हाताचा. या नियमाने त्यांनी कित्येक हात सरळ केले.

पुढे संगणक आले आणि क्लास मिटला. लेकीने लॅपटॉप आणून दिला. मग सरांची जीभ जड होऊ लागली. शब्द आधी पसरट झाले, नंतर काकूंखेरीज कोणाला कळेनासे झाले, आणि शेवटी काकूंनाही. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. हा आजार वाचेवर थांबणार नव्हता. पुढची पाळी हातांची होती. कधी, ते सांगता येत नव्हते. पेन धरण्याची पकड तर तेव्हाच सुटली होती.

उरली ती बोटांची टोके, आणि लॅपटॉप हाच सरांचा आवाज झाला. जेवणाच्या टेबलावर बसून ते टाइप करीत आणि पडदा काकूंकडे वळवीत. भांडण झाले की अक्षरांचा आकार वाढवीत. काकूही मग म्हणत, “ओरडू नका, शेजारी वाचतील.” त्या स्वतः कधी एखादे अक्षर टाइप करू गेल्या, तर पडद्यावर लगेच उमटे : ‘खिळे ठोकतेस की काय?’ लेकीचा फोन आला की सर टाइप करीत आणि काकू वाचून दाखवीत.

एका दुपारी पाणी पिताना सरांना ठसका लागला. काकू पाठ चोळत होत्या. सरांचा उजवा हात कीबोर्डच्या कडेवर तसाच रेलून राहिला होता. यंत्राने ‘टुंग’ केले आणि पडद्यावर एक खिडकी उघडली. सरांनी काकूंना शिकवून ठेवले होते की मध्येच खिडकी आली की ‘होय’ म्हणायचे आणि वाट मोकळी करायची. काकूंनी न वाचताच ‘होय’ म्हटले. ठसका थांबला.

त्यानंतर सरांच्या बोटांखाली अक्षर उमटेना.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पालथा धरून झटकला. दाढीच्या ब्रशने कळांमधली धूळ काढली. सरांनी जोर लावूनही पाहिला. पण कळीवर रेंगाळणे त्या बोटांना ठाऊकच नव्हते. मग भाच्याच्या ऑफिसातून दुसरा कीबोर्ड मागवून जोडला. तोही गप्प. तेव्हा सरांनी काकूंना खूण केली : तू दाब. आत कोणी दार उघडत नसताना बेल दाबावी, तशी काकूंनी एक कळ दाबली. अक्षर उमटले.

सर त्या अक्षराकडे पाहत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे. यंत्र बदलून झाले होते. त्यांनी लॅपटॉप मिटला.

“दुकानात दाखवू या का?” काकूंनी विचारले. सरांनी नकारार्थी मान हलवली आणि आपल्या बोटांकडे बोट दाखवले. काकूंनी आग्रह धरला नाही. डॉक्टरीणबाईंचे शब्द दोघांनी एकत्रच ऐकले होते.

घर गप्प झाले. लेक फोनवर विचारी, “बाबा काय म्हणतात?” काकू म्हणत, “ऐकतायत.”

उन्हाळा संपत आला तेव्हा लेकीला लॅपटॉपमधले जुने फोटो हवे होते, म्हणून काकू तो दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या. त्याने सराईतपणे बोटे फिरवली.

“कीबोर्ड गेलाय, काकू.”

“गेला नाही. माझ्या हाताला चालतो.”

“तुम्हाला घाबरत असेल.”

“दाखवते की,” म्हणून काकूंनी कळ दाबली. अक्षर आले. दुरुस्तीवाला हसता हसता थांबला आणि पडद्यात काहीतरी शोधू लागला.

“ही सोय कुणी चालू केली?”

“कसली सोय?”

“थरथरत्या हातांसाठी असते. चटकन लागलेलं बोट यात धरतच नाहीत. कळ दाबून ठेवली, तरच अक्षर. उजवीकडची शिफ्टची कळ जरा वेळ दबून राहिली की विचारतं, चालू करू का म्हणून. दुसरा कीबोर्ड लावलात तरी तेच. कुणीतरी होय म्हटलं असणार.”

काकू गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या.

“एवढं काय मनाला लावून घेता? एका टिचकीचं तर काम होतं.”

“हो,” काकू म्हणाल्या. “टिचकीचंच होतं.”

घरी येऊन त्यांनी लॅपटॉप सरांपुढे उघडला. सरांनी क्लासातल्या पहिल्या धड्याची ओळ टाइप केली. ती उमटली, मात्र मधल्या काळात बोटे खरोखरच मंदावली होती. काकूंनी उभ्याउभ्याच सांगून टाकले, “ते होय मी म्हटलं होतं.”

पडद्यावर अक्षरे एकेक करून आली : ‘होय म्हणायला मीच शिकवलं.’ मग थोड्या वेळाने : ‘आयुष्यात एकदाच माझं ऐकलंस.’

काकू हसल्या, आणि मग खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.

पुढचे बोलणे पावसाळाभर पुरले. थंडीच्या सुरुवातीला एके सकाळी पुन्हा अक्षर उमटेना. या वेळी सरांनी हातांकडे पाहिलेही नाही. ते काकूंकडे पाहत आणि मग डोळ्यांनी पडदा दाखवीत. काकू ती सोय शोधून काढीत आणि बंद असलेली दाखवीत. “बंदच आहे हो. हे बघा, बंद आहे.” थोड्या वेळाने सर पुन्हा पडदा दाखवीत. काकू पुन्हा उघडून दाखवीत. असे दिवसचे दिवस चालले. नियम या वेळी बरोबर होता, आणि सरांचा त्याच्यावर विश्वास उरला नव्हता.

सर जानेवारी २०१९मध्ये गेले. लॅपटॉप काकूंनी २०२२ साली त्याच दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला.