डोळे राहिलेला राक्षस

खिडकीतल्या उन्हात अंगठ्याएवढा एक राक्षस उभा आहे. चिलखत झालं, दाढी झाली, कुऱ्हाडीच्या पात्यावर गंजही चढवून झाला. डोळे तेवढे राहिलेत.

अशी चिमुकली सैन्यं रंगवायची आणि टेबलावर लढवायची, हा माझा आणि शाळेपासूनचा मित्र मिलिंद याचा खेळ. न रंगवलेला गडी मैदानात उतरवायचा नाही, हा आमचा नियम. मिलिंद परदेशी गेला तेव्हा त्याचं सैन्य माझ्याकडे ठेवून गेला. समोरची खुर्ची रिकामी असते आणि मी माझ्याच शत्रूला रंगवत बसतो.

अधूनमधून त्याचा फोन येतो. तब्येत, हवा, एवढ्यावर विषय संपतात. मग तो विचारतो, "काय रे, माझा राक्षस झाला का?"

"डोळे राहिलेत."

"घाई नको करू. तिरळा करशील."

मग डोळे पिवळे की लाल, यावर आम्ही पूर्वीसारखे कडाकडा भांडतो. माणसांमध्ये काहीतरी अर्धवट राहिलेलं बरं असतं.

आज ऊन छान आहे, हातही स्थिर आहे. मी ब्रश ओला केला, त्याला बारीक टोक काढलं, आणि तसाच पुसून ठेवून दिला.