ग्रेडरवाल्या बाई

रिटायर झाल्यावर मी कॅनडातल्या एडमंटनहून एकटाच मोटरसायकलवर पार उत्तरेकडच्या युकॉनला निघालो. तिथल्या खडीच्या रस्त्यावर, नुकत्याच पडून गेलेल्या पावसात चाक घसरलं आणि मी आडवा झालो. लागलं नाही, पण सामान लादलेली गाडी काही केल्या उचलेना. फोनला सिग्नल नव्हता.

तासाभराने रस्ता सपाट करणारा ग्रेडर आला. त्यातून साठीच्या एक बाई उतरल्या. आधी त्यांनी मला हातपाय हलवून दाखवायला लावले. मग सीटला पाठ टेकवून गाडी कशी उचलायची ते शिकवलं. दोघांनी मिळून ती उभी केली.

"सॉरी," मी म्हणालो. "या वयात हे धाडस करायलाच नको होतं."

"वयाचं काय घेऊन बसलात?" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हा रस्ता माझा आहे. इथे कोणी पडलं, तर मी कमी पडले."

नाव विचारेपर्यंत त्या केबिनमध्ये चढल्याही होत्या. थोडं पुढे जाऊन मी वळून पाहिलं. मी पडलो होतो तेवढाच तुकडा बाई पुन्हा सपाट करत होत्या.

तोवर मला तो रस्ता म्हणजे नुसती खडी वाटत होती. पुढे मात्र प्रत्येक सपाट पट्ट्यावर कुणाचा तरी हात फिरलेला दिसत गेला, आणि मी हेल्मेटच्या आत थँक्यू म्हणत राहिलो.