रामा रंगाचा फोन

करी रोडच्या चाळीत सुभद्राबाई परब गेली एकवीस वर्षं साड्यांच्या पदरांना गोंडे बांधतात. रंग जुळवायला त्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नाही. रेशमाची लड घेऊन खिडकीशी जायचं, पदराला लावून बघायची, की झालं. हिरव्यातला निळा नेमका कुठे थांबला म्हणजे त्याला रामा म्हणायचं आणि कुठून मोरपंखी सुरू होतो, हे त्या डोळे बारीक करून सांगत, आणि ते कधी चुकत नसे.

गेल्या महिन्यात चुकलं, कारण त्यांनी डोळ्यांचं न ऐकता फोनचं ऐकलं. माटुंग्याच्या प्रितीचं बुटिक आहे, तिचं काम कायम यांच्याकडे. तिला त्यांनी रामा रंगाच्या लडीचा फोटो पाठवला. जुन्या फोनने तो सरळ निळा करून टाकला. प्रितीने लिहिलं, निळा नको काकू, हिरव्याकडे जा. काकू गेल्या हिरव्याकडे. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी साडी प्रितीच्या हातात पडली आणि बेचाळीस गोंडे कात्रीने उतरवावे लागले.

प्रिती आवाज चढवून बोलली नाही, तेच जास्त लागलं. तिचं म्हणणं इतकंच, की दर वेळी चाळीचे जिने चढायला तिला आता वेळ नाही. यापुढे रंग फोटोवरच ठरवायचे. जमत असेल तर यंदाच्या लग्नसराईच्या साड्या काकूंकडे, नाहीतर ती दुसरी बाई बघेल.

मुलाने, स्वप्नीलने, रविवारी पाच फोनांचा तक्ता करून आणला. बॅटरी, मेमरी, मेगापिक्सेल, सगळं रकान्यांत. सुभद्राबाईंनी चष्मा लावून तो पुरता वाचला आणि विचारलं, यात रामा कुठल्यात बरोबर येतो? तो रकाना तक्त्यात नव्हता.

मग दोघं दादरच्या दुकानात गेली. अजित नावाच्या विक्रेत्याने तक्त्यातला पहिल्या नंबरचा फोन पुढे केला. सुभद्राबाईंनी पिशवीतून रेशमाची लड काढून काउंटरवर ठेवली. स्वप्नील उगाच हेडफोन बघत बाजूला सरकला.

फोटो निघाला. अजित खूश होऊन म्हणाला, "बघा मावशी, ओरिजिनलपेक्षा भारी कलर."

रागावल्या की सुभद्राबाई मालवणीवर येतात. "माका भारी नको," त्या म्हणाल्या. "माका रामा होयो."

दुकानातल्या दिव्यांत काही कळेना, म्हणून त्यांनी तक्त्यातले तीन फोन दाराशी, उजेडात न्यायला सांगितले. फोन तर तारेने काउंटरला बांधलेले. अजितने मॅनेजरकडे बघितलं. सुभद्राबाई लड हातात धरून उभ्याच राहिल्या. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी तारा सुटल्या.

दाराशी तीन फोनांवर तीन फोटो निघाले. स्वप्नीलने ते आपल्या फोनवर घ्यायचे आणि एकेक करून प्रितीला पाठवायचे, असं त्यांनी ठरवलं. सोबत एकच प्रश्न, रंग कुठला? रामा हा शब्द लिहायचा नाही, अशी ताकीदही दिली.

पहिल्यावर उत्तर आलं, बॉटल ग्रीन. दुसऱ्यावर, मोरपंखी असेल. तिसऱ्याला वेळ लागला. अजित या पायावरून त्या पायावर झाला. सुभद्राबाई स्वप्नीलच्या हातातल्या फोनकडे टक लावून होत्या.

मग आलं, "रामा. काय चाललंय काकूंचं? दुकानात गिऱ्हाईक आहे माझ्या."

तिसरा फोन तक्त्यात चौथा होता. स्वप्नील कुजबुजला, "आई, याची बॅटरी लहान आहे. स्लो पण आहे."

"मी पण आहे," सुभद्राबाई म्हणाल्या. "हाच घे."

अजितने डबा फोडला. नव्या फोनवर त्यांनी तिथेच, दाराशी जाऊन, लडीचा पुन्हा एक फोटो काढला. लड फोनच्या बाजूला धरली, डोळे बारीक केले, मान हलवली आणि मगच लड पिशवीत टाकली.

अजितने कव्हरांचा खण पुढे ओढला. लाल, जांभळं, आकाशी, सोनेरी. कुठल्या रंगाचं देऊ, असं त्याने जरा घाबरतच विचारलं.

"दे रे कुठलंही," सुभद्राबाई पिशवीचे बंद आवळत म्हणाल्या. "त्याचा काय फोटो पाठवायचाय?"