पायरीवरचा लाल बाण

पाणसळ म्हणजे गवंड्याचं ते बुडबुड्याचं यंत्र, जमीन सपाट आहे की नाही ते सांगणारं. गल्लीने एका माणसाला हे नाव ठेवलं ते काही प्रेमाने नव्हे. कुणाच्या घरी गेला की याची नजर आधी माणसांवर नाही, फरशीवर जायची. "तुमचा हॉल मोरीकडे उतरत नाही, कपाटाकडे उतरतो," असं तो पाण्याचा पेला हातात यायच्या आत सांगायचा. वर ते खरं निघायचं, हे आणखी वाईट. अशा माणसाला दुसऱ्यांदा कोण बोलावणार?

एकतीस वर्षं तो नगरपालिकेच्या मोजणी विभागात खलाशी होता. खलाशी म्हटलं की जहाज डोळ्यांपुढे येतं, पण याच्या वाट्याला आली ती आकडे रंगवलेली तेरा फुटी पट्टी. ती उन्हात ताठ धरून उभं राहायचं, लांबून साहेब दुर्बिणीतून आकडा वाचणार, वहीत लिहिणार आणि ओरडणार, "पुढे!" पट्टी जरा कलली तरी आकडा चुकतो. याची कधी कलली नाही. साहेब आले, बढत्या घेऊन गेले, हा होता तिथेच उभा राहिला. त्याचा राग त्याने गल्लीवर काढला, कारण गल्ली हाताशी होती.

निवृत्त झाल्यावर ऑफिसची एकच गोष्ट त्याच्याजवळ उरली. दारातल्या पायरीवरचा लाल बाण. फार वर्षांपूर्वी गावाची मोजणी झाली तेव्हा त्यानेच तो रंगवला होता. त्या दगडाची उंची सरकारी रजिस्टरात नोंदलेली होती आणि त्या भागातल्या रस्त्याची, गटाराची, कसलीही मोजणी त्या बाणापासून सुरू व्हायची. येणाऱ्याजाणाऱ्याने बाणावर पाय दिला तर हा आतून खेकसायचा.

आठ वर्षांपूर्वी एका पावसात रस्त्यावरचं पाणी याच्या घरात शिरलं. तिसऱ्याच दिवशी त्याने गवंडी बोलावून पायरीवर नवा जाड दगड बसवून घेतला आणि शेजारी बांध घातला. बाण खाली गाडला गेला. याला ते सहन होईना. त्याने ब्रश घेतला आणि नव्या दगडावर तस्साच बाण काढला, तोच लाल, तेच टोक. ऑफिसात कळवू म्हणाला. कळवलं नाही. साऱ्या जन्मात त्याने केलेली ही एकच लबाडी, आणि तीही कुणाला लुबाडायला नाही, निव्वळ तोऱ्यापायी.

अडवलेलं पाणी जाणार कुठे? ते उतारावरून गल्लीच्या टोकाला गेलं आणि शेवटच्या घरात घुसलं. ते घर त्याच्या वहिनीचं. थोरला भाऊ गेल्यापासून ती शिवणकामावर घर चालवत होती. गिऱ्हाइकांच्या कापडांचे गठ्ठे चिखलात लोळले. ती तशीच ओल्या साडीने याच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, जन्मभर लोकांसाठी पट्टी धरलीत आणि घरच्या माणसाला बुडवलंत!"

"तुमचं घरच खड्ड्यात आहे, त्याला मी काय करू?" हा म्हणाला.

त्या दिवसापासून अबोला. समोरून ती आली की हा रस्ता ओलांडायचा. हा आला की ती थुंकायची. खरोखर थुंकायची, मी काही पदरचं सांगत नाही.

पण बाई रडत बसणारी नव्हती. तिने अर्जांवर अर्ज केले की गल्लीत पावसाळी गटार बांधून द्या, नाला तर मागेच आहे. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की नाल्यापर्यंत उतार मिळायला हवा त्या पातळीपेक्षा शेवटची चार घरं खोल आहेत, पाणी वाहून जाणार नाही. याला ते शेजाऱ्याकडून कळलं आणि हा खूश झाला. बघा, मी म्हणालोच होतो! दुसऱ्या अर्जाचं उत्तर दोन वर्षांपूर्वी आलं. त्यात आकडाच दिला होता: तेवीस सेंटिमीटर खोल.

शेजाऱ्याच्या तोंडून तेवीस ऐकल्यावर तो उठला. टेप घेऊन दारात गेला आणि नव्या दगडाची जाडी मोजली. तेवीस. पुन्हा मोजली. टेप काय खोटं बोलणार? बाण जेवढा वर चढला, तेवढं बाणापासून मोजलेलं सगळं कागदावर खाली गेलं होतं; नाल्याची पातळी दुसऱ्या खुणेवरून नोंदलेली, ती मात्र होती तिथेच राहिली. वहिनीचं घर खड्ड्यात नव्हतंच. यानेच ते तिथे नेऊन टाकलं होतं.

"सांगून टाका," बायको म्हणाली. तिने त्याला ब्रश फिरवताना पाहिलं होतं.

"सांगितलं तर माझं काय उरेल?"

"आणि नाही सांगितलं तर त्यांचं काय उरेल?"

त्याने टेप गुंडाळून खिळ्याला अडकवली. दोन वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याला रात्रंदिवस लाज वाटत होती, म्हणून तो वहिनीवर आणखीच चिडत होता.

यंदा मात्र गटाराची योजना खरोखरच आली. बराचसा पैसा सरकारचा, थोडी वर्गणी प्रत्येक घराची, आणि महिनाअखेरपर्यंत आराखडा गेला नाही तर मंजुरी रद्द. मोजणीला माणसं आली तेव्हा हा खिडकीच्या पडद्याआड उभा होता. नव्या खलाशाने याच्या दगडावर पट्टी ठेवली, तीही कलती. याचे हात शिवशिवले. पण तो बाहेर गेला नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. इंजिनियर बाईंनी भिंतीवर नकाशा लावला. गटाराची निळी रेघ वरच्या टोकापासून निघाली आणि शेवटच्या चार घरांच्या अलीकडे वळून दुसऱ्या रस्त्याला गेली.

"ही चार घरं धरायची तर पंप लागेल," बाई म्हणाल्या. "पंपाला निधी नाही."

"माझ्या मोरीचं पाणी पूर्वी आपोआप नाल्यात जायचं, मी डोळ्यांनी बघितलंय," वहिनी उठून म्हणाली.

"आकडे तसं सांगत नाहीत."

औषधांच्या दुकानाचा मालक गल्लीच्या गटार समितीचा अध्यक्ष होता, आणि त्याचं दुकान वरच्या टोकाला. "बाई, चार घरांसाठी चौतीस घरांनी बुडायचं का?"

"बुडतोय आम्ही. तुम्ही कोरडे बसून बोलताय!"

गलका झाला. खाली बसा, किती वेळा तेच तेच, मंजुरी घालवणार ही बाई. कुणी तर घर विकून टाका म्हणालं. वहिनी बसली नाही. ती वळली आणि शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"यांना विचारा. माझे दीर आहेत. मला पाण्यात बघतात, मीही त्यांना बघते. पण पट्टी त्यांनी कधी वाकडी धरली नाही. माझं घर खड्ड्यात आहे असं त्यांनी इथे सगळ्यांसमोर सांगितलं, तर मी उद्या घर विकायला काढते. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. एकतीस वर्षांत कुणी त्याच्याबद्दल एवढं चांगलं बोललं नव्हतं, आणि बोलली ती हिच्यासारखी वैरीण. 'हो' म्हटलं असतं तर सुंठीवाचून खोकला जात होता. वहिनी कायमची नजरेआड, दगडाचं नाव निघत नाही, आणि गल्ली पहिल्यांदा याच्यावर खूश. त्याला ते म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता.

"घर खड्ड्यात नाही," तो म्हणाला. "दगड उंच आहे. माझ्या दारातला. मीच चढवला आणि बाण वर काढला. तेवीस सेंटिमीटर. पंप लागणार नाही."

आधी कुणाला कळेना. इंजिनियर बाईंना कळलं, त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळूहळू सगळ्यांना कळलं आणि हॉलमध्ये आग लागल्यागत झालं. आराखडा फुकट गेला. मेल्याने स्वतःचंही वाटोळं केलं आणि गल्लीचंही! अध्यक्षांनी तर 'चोर' हा शब्द वापरला. याने मान खाली घातली नाही, सवयच नव्हती.

"चार दिवसांत मी परत मोजून घेते," बाई म्हणाल्या. "मुदतीत बसवू. पण मला हे लेखी लागेल. सरकारी खूण तुम्ही हलवलीत असं. पुढे ते तुमच्या पेन्शनपर्यंतही जाऊ शकतं, आधीच सांगते."

"कागद द्या."

त्याने उभ्यानेच चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. साक्षीदाराची सही हवी होती. अध्यक्षांनी हात मागे घेतले. शेजाऱ्याला एकदम काहीतरी काम आठवलं. हॉल रिकामा होत गेला, आणि कागद टेबलावर तसाच पडून राहिला.

वहिनीने पुढे येऊन तो उचलला. चष्मा लावून सावकाश वाचला.

"ही सही साक्षीची आहे. माफीची नाही," ती म्हणाली.

"मागितली कुणी?"

"तेवीसचं उत्तर आलं, तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

तिने पेन उघडलं आणि एका शब्दावर टोक टेकवून थांबली. त्याने लिहिलं होतं, 'काही वर्षांपूर्वी मी सदर दगड बदलला.'

"काही?" ती म्हणाली. "भावजी, मोजून लिहा."

पेन त्याने तिच्या हातातून घेतलं. मग त्याने 'काही' खोडलं आणि वर 'आठ' लिहिलं. त्यानंतर तिने सही केली.