न्हाय म्हटलं की कुत्रं

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. जुने सहकारी भेटले आणि हसत हसत त्या कुत्र्यांचा विषय निघाला, की मी चहा सांगायला उठायचो.

सीमाभागात, सदलग्याजवळच्या एका मराठी शाळेत मी हेडमास्तर होतो. आमच्याकडे एक अतिथी शिक्षिका होत्या. नेमणूक दरवर्षी नव्याने, म्हणून धाकधूकही दरवर्षीची. त्यांनी शाळेच्या लॅपटॉपसाठी इंटरनेटवर एक फुकटचं साधन शोधलं होतं. आपण बोलायचं, त्याने चित्र काढायचं. पोरं गोष्ट सांगत आणि प्रोजेक्टरमधून भिंतीवर जंगल, विहीर, म्हातारी उमटे. पोरांनी शाळा बुडवायचं सोडलं.

तपासणीला साहेब येणार म्हणून बाईंनी तोच पाठ ठरवला. आदल्या संध्याकाळी मी त्याच लॅपटॉपवर, कन्नडमध्ये बोलून, ऑफिससाठी एक अर्ज लिहिला आणि भाषा कन्नडच ठेवून घरी गेलो.

साहेबांनी विचारलं, "काय रे, जंगलात वाघ आहे का?"

"न्हाय!" वर्ग ओरडला.

भिंतीवर कुत्रं आलं.

त्या यंत्राला आमचं मराठी कळेना. 'न्हाय' तेवढं कळलं, कारण कन्नडात नायी म्हणजे कुत्रा.

"वाघ काढा की, बाई," साहेब म्हणाले.

"वाघ येत न्हाय, सायेब!" दुसरं कुत्रं.

"घाबरू नका. मी रागावलोय का?"

"न्हाय!" तिसरं आलं ते पोट सुटलेलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सायेब हाईत की रं ते!"

"गप रं, सायेब न्हाय त्यो!" चौथं.

कन्नडची भानगड साहेबांच्या लक्षात यायला हवी होती, पण ते त्या पोटाकडेच बघत होते. "हे कुणी शिकवलंय?"

बाई रडकुंडीला आल्या. "काल नीट चालत होतं हो. सर, तुम्ही तरी सांगा की."

मला पहिल्याच कुत्र्याला सगळं उमगलं होतं. तरी म्हणालो, "बाईंनाच ठाऊक. मी त्या यंत्राला हातसुद्धा लावत न्हाय."

माइक चालूच होता. पाचवं कुत्रं आलं.

साहेबांनी शेरा मारला. पुढच्या वर्षी बाईंना घेतलं नाही.

निवृत्त झाल्यावर कळलं, त्या पिरनवाडीत शिकवण्या घेतात. गेलो. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मुलांना सांगितलं, "हे आमचे हेडमास्तर. लई सांभाळून घेतलं मला." मी पोहे खाल्ले, पावसापाण्याचं बोललो, बस चुकेल म्हणून उठलो. त्यांनी दार लावून घेतल्यावर जिन्यात थांबून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "बाई, भाषा मी बदलली होती. माफ करा."